पानफुटीचा वाफा : प्रकल्प नोंदी

१८ जून २०२४

शाळेच्या मागच्या बाजूला जांभ्याच्या गडग्यालगत, म्हणजे दगडी कुंपणालगत, जी चिंचोळी जागा वर्षानुवर्षे मोकळी पडून आहे, तेथे पानफुटीचा वाफा करण्याचे ठरले असून आज जागेची आखणी केली. पाठ्यपुस्तकात शाकीय प्रजननाच्या धड्यात पानफुटीचे नाव येते, पानाच्या कडेवरील खाचांतून नवी रोपे उगवल्याचे चित्रही असते; परंतु आमच्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या परड्यात ही वनस्पती उभी असूनही चित्रातली ती हीच, हे त्यांना ठाऊक नसते. घरी तिला दुसरेच काही म्हणतात, हे त्याचे एक कारण आहे. म्हणून या प्रकल्पाची दोन कामे ठरवली आहेत. एक, वर्षभर वनस्पतीच्या वागण्याच्या नोंदी ठेवणे. आणि दोन, वर्षाअखेरीस वाफ्यापुढे एक नामफलक लावणे, ज्यावरील प्रत्येक वाक्य मुलांना समोरच्या झाडावर पडताळून पाहता येईल.

पानफुटीच का, याचे व्यवहारी उत्तरही नोंदवून ठेवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या बागेला पाणी घालायला कोणी नसते. आजवर हौसेने लावलेली जास्वंद, मोगरा, अबोली यांपैकी जे काही मे महिन्यात गेले, ते पाण्यावाचूनच गेले. गडग्याच्या सांध्यात मूठभर मातीवर स्वतःहून रुजलेली पानफुटी मात्र दर जूनमध्ये जागच्या जागी असते.

२७ जून २०२४

वाफा भरून झाला. कातळावर माती जेमतेम वीतभर असल्याने खाली जांभ्याचे तुकडे, वर जाडी वाळू व गाळलेली माती आणि थोडे जुने शेणखत असा थर दिला आहे. शेणखत हात राखून घातले, कारण मांसल वनस्पतींना सकस माती दिली की त्या लुसलुशीत होतात आणि पावसात कोलमडतात. वाफ्याची पातळी आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच ठेवली असून कौलांच्या पागोळ्या थेट त्यावर पडणार नाहीत अशी काळजी घेतली आहे. या झाडाला दुष्काळ मारीत नाही. साचलेले पाणी मारते.

रोपे विकत घेतली नाहीत. गडग्यावरच्या जुन्या झाडाच्या फांद्या तोडून, त्यांचे तोंड सुकू देऊन लावल्या. मुलांनी काही पानेही नुसती मातीवर आडवी टाकून ठेवली आहेत.

११ जुलै २०२४

आडव्या टाकलेल्या पानांच्या खाचांतून रोपे दिसू लागली. भिंगातून पाहिल्यावर क्रम स्पष्ट दिसतो. पानाच्या कडेला अर्धगोल दाते असतात आणि दोन दात्यांमधील प्रत्येक खाचेत एक गडद ठिपका असतो. हा ठिपका म्हणजे पान कोवळे असतानाच तेथे राखून ठेवलेले सुप्त मुकुल, म्हणजे न फुटलेला डोळा, होय. पान मातीवर पडल्यानंतर त्या जागी आधी केसासारखी बारीक मुळे सुटली, मग राईच्या दाण्याएवढा हिरवा उंचवटा दिसला आणि त्यातून समोरासमोरच्या इवल्या पानांची पहिली जोडी उघडली. मूळ पान या काळात हळूहळू सुरकुतते, कारण नव्या रोपांचे अन्न आणि पाणी दोन्ही त्याच्याच साठ्यातून जाते.

आज यासोबत एक जुना प्रयोग मांडला. जाक लोब या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या पावशतकात, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करीत असताना, याच वनस्पतीच्या पानांवर पुष्कळ प्रयोग केले होते. पान खोडाला जोडलेले असताना खाचा गप्प का राहतात आणि तोडल्यावरच का फुटतात, हा त्याचा प्रश्न होता. आम्ही तीन मांडण्या केल्या आहेत. एक पान अख्खे ठेवले. दुसऱ्या पानाचे, प्रत्येक तुकड्यावर एकच खाच येईल असे तुकडे केले. आणि तिसरे पान खोडाच्या तुकड्यासह, देठ न तोडता ठेवले. तिन्ही ओल्या वाळूच्या एकाच परातीत आहेत. याखेरीज एक पान मुलांच्या आग्रहावरून वर्गाच्या भिंतीवर दोऱ्याने टांगले आहे.

२५ जुलै २०२४

परातीतील निकाल लोबच्या निष्कर्षांशी जुळतो. अख्ख्या पानावर काही मोजक्याच खाचा फुटल्या आणि ज्या आधी फुटल्या त्यांनी बाकीच्यांना मागे ठेवले. तुकडे केलेल्या पानाच्या मात्र जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर रोप आले. ते अर्थातच लहान आहे, कारण तुकड्यातला साठा लहान. खोडासह ठेवलेल्या पानाच्या खाचा अजून मिटलेल्याच आहेत आणि त्याऐवजी पानाच्या बगलेतला, म्हणजे खोडावरचा डोळा फुगला आहे. लोबच्या मांडणीत नव्या अंकुरांचे एकूण वजन पानातल्या साठ्याच्या प्रमाणात राहते; साठा जेथे ओढला जाईल तेथे वाढ होते आणि बाकीच्या जागा थांबून राहतात. हे एकदा कळले की पान तोडणे ही त्या झाडाच्या दृष्टीने इजा असली तरी खाचेच्या दृष्टीने ती मोकळीक आहे, हे मुलांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भिंतीवर टांगलेल्या पानालाही, माती वा पाणी काहीही न मिळता, दोन खाचांतून रोपे आली आहेत. पावसाळी हवेतला दमटपणा त्याला पुरलेला दिसतो. बाहेर वाफ्यातही, सततच्या पावसात, खालच्या जून पानांपैकी एकाने खोडावर असतानाच कडेला मुळे सोडली आहेत. तेव्हा ‘पान तुटल्याशिवाय रोप येत नाही’ असे फलकावर लिहिता येणार नाही. ‘बहुधा’ हा शब्द घालावा लागेल.

६ ऑगस्ट २०२४

आजची नोंद नावांची आहे. शाळेमागे राहणाऱ्या आजी वाफा पाहायला आल्या होत्या. फलकावर ‘पानफुटी’ लिहिणार असे मी सांगताच त्या म्हणाल्या, “बाई, पानफुटी तुमच्या पुस्तकात. आमच्यात ही घायमारी. कोयता लागला की पान निखाऱ्यावर शेकवायचं, चुरडायचं आणि बांधायचं.” त्यांनी पान शेकवून दाखवले. कातडीसारखे चिवट दिसणारे ते पान निखाऱ्यावर धरताच चरचरले, मऊ पडले आणि बोटांत दाबल्यावर त्यातून चिकट, हिरवट रस निथळला.

यावरून मुलांना घरोघरीची नावे विचारून आणायला सांगितले, आणि देशातील इतर भाषांतली नावे मी जमवली. सगळी एकत्र मांडल्यावर ती तीन गटांत पडतात. पहिला गट पानातून उगवण्याचा आहे : मराठीतील पानफुटी, संस्कृत वळणाचे पर्णबीज आणि मल्याळममधील इलमुळच्ची, ज्याचा अर्थही पानावर उगवणारी असाच आहे. दुसरा गट जखमेचा : आमच्या आजींची घायमारी, तमिळमधील रणकळ्ळी, तेलुगूतील रणपाल. तिसरा गट दगडाचा : हिंदीतील पत्थरचट्टा, बंगालीतील पाथरकुची. या तिसऱ्या गटामागे मूतखडा फोडण्याची समजूत आहे.

माझ्या मते या तीन गटांना सारखे वजन देणे योग्य नाही. पहिला गट वनस्पती काय करते ते सांगतो, आणि ते कोणीही परातीत पाहू शकतो. दुसरा गट माणसे तिचे काय करतात ते सांगतो; तो व्यवहार जिवंत आहे आणि आजींनी तो डोळ्यांसमोर करून दाखवला. तिसरा गट मात्र एका औषधी दाव्याला नावाचे रूप देतो, आणि नावात बसलेला दावा कोणी तपासत नाही.

याच तिसऱ्या गटामुळे ‘पाषाणभेद’ हे नावही या झाडाला चिकटवले जाते. आयुर्वेदाच्या संहितांत पाषाणभेद आहे खरा, परंतु आज प्रमाण मानला जाणारा पाषाणभेद म्हणजे हिमालयाच्या खडकाळ उतारांवर वाढणाऱ्या बर्जीनिया या वनस्पतीचे मूळखोड होय. त्या एकाच नावाखाली निरनिराळ्या प्रांतांत कपुरमधुरा, पानओवा आणि आपली पानफुटी अशा एकमेकींशी काही संबंध नसलेल्या वनस्पती दिल्या जातात. पानओव्यालाही काही ठिकाणी पत्थरचूर म्हणतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. वास्तविक तो तुळशीच्या कुळातला, पान चुरडताच ओव्याचा वास देणारा, आणि पानफुटीला तसा वास मुळीच नाही. नामफलकावर पाषाणभेद हा शब्द येणार नाही, हे आजच नक्की केले.

२२ ऑगस्ट २०२४

शास्त्रीय नावाचे प्रकरणही सरळ नाही. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने १७८६ मध्ये या वनस्पतीचे वर्णन कोटिलेडॉन पिन्नाटा या नावाने केले. पुढे १८०५ या एकाच वर्षी दोन निरनिराळी नावे छापली गेली : पर्सूनने तिला कलांचो या प्रजातीत घालून कलांचो पिन्नाटा केले, तर इंग्लंडमध्ये सॉल्सबरीने तिच्यासाठी ब्रायोफिलम ही नवीच प्रजाती उभी करून तिला ब्रायोफिलम कॅलिसिनम म्हटले. ब्रायोफिलम या ग्रीक जोडशब्दाचा अर्थही अंकुरणारे पान असाच आहे. कॅलिसिनम हे विशेषण फुलाच्या मोठ्या निदलपुंजावरून, म्हणजे पाकळ्यांबाहेरच्या आवरणावरून, आले, आणि पिन्नाटा हे पिसासारख्या संयुक्त पानांवरून. कलांचो हे प्रजातीचे नाव आदानसाँ याने १७६३ मध्ये दिले असून ते एका चिनी वनस्पतीनामावरून घेतले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

आज बहुतेक वनस्पतिसूची कलांचो पिन्नाटा हे नाव स्वीकारतात आणि ब्रायोफिलमला कलांचोचाच एक पोटगट मानतात. आपल्याकडील पुस्तकांतून ब्रायोफिलम अजून सर्रास आढळते, म्हणून फलकावर दोन्ही द्यावीत. पहिले मोठ्या अक्षरांत आणि दुसरे त्याखाली. पिन्नाटा या शब्दाची पडताळणी वाफ्यातच होते. खालची पाने साधी, एकेरी आहेत, परंतु झाड कमरेएवढे झाले की वरच्या पानांची तीन किंवा पाच पर्णिकांत विभागणी होते. एका मुलीने दोन्ही प्रकारची पाने आणून ‘ही दोन झाडे आहेत’ असे ठामपणे सांगितले होते. तिला एकाच खोडावर दोन्ही दाखवल्यावर तिने तो सगळा खोडाचा क्रम वहीत काढला, आणि ती आकृती फलकासाठी वापरण्याजोगी आहे.

मूळ ठिकाणाबद्दल एक वाक्य फलकावर हवेच. आमच्या गडग्यांवर ती इतकी रुळली आहे की तिला कोणी परकी म्हणणार नाही, परंतु पानफुटीचे मूळ घर मादागास्कर बेट आहे आणि तेथून ती उष्ण कटिबंधात सर्वत्र पसरली. हवाई, गालापागोस आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड भागात ती उपद्रवी तण मानली जाते. कलांचो प्रजातीतल्या काही जाती मात्र अस्सल आपल्याकडच्या आहेत. थिओडोर कुक याने मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला, त्या कुकने नाव दिलेली कलांचो भिडेई ही त्यांपैकी एक.

५ सप्टेंबर २०२४

वाफ्याच्या उत्तरेकडील कोपऱ्यात तीन रोपांची खोडे जमिनीलगत काळी पडून मऊ झाली. तेथे गडग्यातून पाणी झिरपते. कुजलेला भाग कापून वरच्या निरोगी फांद्या सुकवून दक्षिणेकडे लावल्या.

१९ सप्टेंबर २०२४

गणपतीची सुट्टी संपवून आलो तो बऱ्याच पानांवर पारदर्शक चट्टे दिसले. पान उजेडासमोर धरले असता वरची व खालची साल तशीच शाबूत आणि मधला गर नाहीसा झालेला, अशी अवस्था आहे. एका पानात फिकट, बुटकी अळी दोन सालींच्या मधून सावकाश सरकताना स्पष्ट दिसत होती, आणि तिच्या मागे काळ्या विष्ठेची रांग होती. जेथून ती आत शिरली ते छिद्रही तशाच काळ्या कणांनी बुजलेले होते.

ही रेड पिएरो या फुलपाखराची अळी आहे. मादी पानफुटीच्या आणि तिच्या नात्यातील मांसल वनस्पतींच्या पानांवर अंडी घालते, अळी पानात शिरते आणि कोषात जाण्याच्या वेळेस बाहेर येते. फुलपाखरू स्वतः लहान, वरून काळे आणि मागच्या पंखावर नारिंगी तांबडा मोठा डाग असलेले. पंख मिटून बसले की खालची पांढरी बाजू, तिच्यावरचे काळे ठिपके आणि तोच नारिंगी पट्टा दिसतो. ते उडते आळसटून, जमिनीपासून फारसे वर न जाता, त्यामुळे मुलांना त्याच्या मागे जाणे सोपे पडते.

शाळेतील एका सहकाऱ्यांनी औषध फवारण्याचे सुचवले. मी नकार दिला. ज्या झाडाच्या एका पानाच्या तुकड्यापासून नवे झाड होते, त्याला काही पाने गमावल्याने धोका नाही, आणि गमावलेल्या पानांच्या बदल्यात वर्गासमोर एका फुलपाखराचे संपूर्ण जीवनचक्र घडणार असेल तर तो सौदा वाफ्याच्या बाजूने आहे. अळ्यांनी पोखरलेली आणि गळून पडलेली दोन पाने वाळूच्या परातीत ठेवली. गर गेलेला असूनही ज्या खाचांच्या आसपास थोडा हिरवा भाग उरला आहे, तेथे फूट येते का ते पाहायचे आहे.

८ ऑक्टोबर २०२४

पोखरलेल्या पानांपैकी एकावर, देठाकडच्या हिरव्या उरलेल्या भागात, एका खाचेतून रोप आले.

आज मुलांनी घरून ‘पानफुटी’ म्हणून आणलेल्या कुंड्यांची छाननी केली. त्यांत तीन वेगळ्या वनस्पती निघाल्या. एक खरी पानफुटी. दुसरी कलांचो डेग्रेमोंटियाना : लांबट त्रिकोणी पाने, खालून जांभळट ठिपके, आणि पान झाडावर असतानाच त्याच्या संपूर्ण कडेवर ओळीने बसलेली इवली रोपे, जी नुसत्या धक्क्याने गळतात. तिसरी म्हणजे रोपवाटिकेत फुलांसाठी विकली जाणारी, दाट गुच्छांत लाल, पिवळी, गुलाबी फुले येणारी कलांचो ब्लॉसफेल्डियाना, जिच्या पानांच्या कडेला रोपे येतच नाहीत. तिन्ही मूळच्या मादागास्करच्याच, तिन्ही मांसल, आणि बाजारात तिन्हींना सरसकट कलांचो म्हणतात.

पहिल्या दोघींतील फरक केवळ दिसण्याचा नाही. डेग्रेमोंटियाना पान तुटण्याची वाट न पाहता रोपे घडवीत राहते, परंतु तिला रुजणारे बी धरता येत नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दाखवले गेले की बियांतील गर्भाच्या घडणीत काम करणारे एक जनुक तिच्यात अपुऱ्या स्वरूपात आहे, आणि एरवी बीजात चालणारी गर्भनिर्मितीची यंत्रणा तिच्या पानांच्या कडेवर काम करताना आढळते. पानफुटीने दोन्ही वाटा राखल्या आहेत. ती बीही धरते आणि इजा झाल्यावर पानातूनही उगवते. स्वभाव या शब्दाला वनस्पतीच्या बाबतीत काही नेमका अर्थ द्यायचा असेल तर तो असा फरक दाखवूनच देता येईल.

२१ नोव्हेंबर २०२४

आम्लतेचा प्रयोग आज समाधानकारक झाला. जुलैत तो एकदा करून पाहिला होता, तेव्हा सकाळ आणि संध्याकाळ यांत नावापुरताच फरक दिसला. दिवसभर आभाळ भरलेले होते आणि कारणही बहुधा तेच. आता आकाश निरभ्र आहे. सकाळी उजाडताच एक जून पान तोडून खलात ठेचले व रसात सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) कागदाची पट्टी बुडवली, तेव्हा ती स्पष्ट नारिंगी झाली, म्हणजे सामू ४ च्या आसपास. त्याच झाडाचे, त्याच जोडीतील दुसरे पान दुपारी उशिरा तसेच ठेचले असता पट्टी पिवळी राहिली, म्हणजे सामू ५ च्या पुढे गेला होता. पानाची जोडी निवडण्याची कल्पना एका विद्यार्थ्याची होती आणि ती उत्तम होती, कारण समोरासमोरची पाने एकाच वयाची असतात.

याचे कारण पानफुटीच्या वायू आत घेण्याच्या शिस्तीत आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात, आणि त्याच वाटेने त्यांचे पाणी उडून जाते. पानफुटी दिवसा दारे लावून घेते. रात्री गारव्यात रंध्रे उघडून ती कार्बन डायऑक्साइड आत घेते, त्यापासून मॅलिक आम्ल बनवते आणि ते पेशींच्या मोठ्या रिक्तिकांत साठवते; सकाळपर्यंत रस आंबट झालेला असतो. दिवस उजाडला की रंध्रे मिटतात, साठवलेल्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड आतल्या आत सुटतो आणि सूर्यप्रकाशात त्याची साखर होते. जुलैच्या ढगाळ दिवशी हे दुसरे काम मंदावल्यामुळे संध्याकाळीही आम्ल शिल्लक राहिले असणार. पाने जाड असण्याचा, कातळावर तग धरण्याचा आणि मे महिन्यातल्या निर्जळीतून तरून जाण्याचा उलगडा या एका व्यवस्थेत होतो. पानफुटी ज्या क्रॅसुलेसी कुळातली आहे, त्या कुळावरूनच या प्रक्रियेला क्रॅसुलेसियन ॲसिड मेटाबोलिझम असे नाव पडले आहे.

या शोधात भारताचा वाटा आहे आणि तो मुलांना सांगितलाच पाहिजे. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर याने निवडुंगावर काम करून १८०४ मध्ये रात्रीच्या वायुग्रहणाची नोंद केली होती. परंतु पानाची चव दिवसभरात बदलते, ही गोष्ट मांडली ती मद्रासेत ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि त्याने चाखलेले पान याच आपल्या पानफुटीचे होते. सकाळी ते आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे त्याने लंडनला कळवले आणि ते १८१५ मध्ये लिनियन सोसायटीच्या कामकाजात छापले गेले. दोनशे वर्षांपूर्वी जे काम त्याच्या जिभेने केले, ते आम्ही कागदाच्या पट्टीवर केले. मुलांना पान चाखू दिलेले नाही, त्याचे कारण पुढील नोंदीत येईल.

१२ डिसेंबर २०२४

दिवस लहान होताच मोठ्या झाडांच्या शेंड्यांतून फुलोऱ्याचे दांडे वर निघाले आहेत. कळ्या येण्यासाठी या वनस्पतीला लांब रात्री लागतात. त्यामुळे जुलैत कितीही पाणी आणि खत दिले तरी फूल मिळत नाही.

फुलोरा येत असल्याने सावधगिरीचा मुद्दा आजच निकालात काढला. पानफुटी आणि तिच्या जवळच्या जातींत बुफाडायएनोलाइड या वर्गातील, हृदयाच्या कार्यावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि फुलांत त्यांचे प्रमाण पानांपेक्षा बरेच अधिक असते. ऑस्ट्रेलियात या वनस्पती खाल्ल्याने गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. आमच्या गडग्याला पलीकडून गुरांची वाट आहे आणि हिवाळ्यात रानातले गवत वाळल्यावर गुरे गडग्यावरून मान घालतात. म्हणून त्या बाजूचे दांडे छाटून टाकायचे आणि गडग्यावर बोराटीच्या काट्यांची शिरड घालायची असे ठरले. छाटलेले दांडे शेणकईत, म्हणजे शेणखताच्या उकिरड्यात, न टाकता खड्ड्यात पुरले.

आजींना हे सांगितल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, “गुरांना कोण घालतंय? ही बांधायची, खायची नव्हे.” घायमारी या नावातच तो भेद सांभाळलेला आहे, असे त्यांच्या बोलण्यावरून वाटते. उलट ‘पत्थरचट्टा’ या नावाने समाजमाध्यमांवर फिरणारे संदेश रोज सकाळी पाने चावून खायला सांगतात. आमच्या फलकावर ‘खाऊ नये’ हे दोन शब्द असतील.

९ जानेवारी २०२५

वाफा पूर्ण फुलला. फुले दांड्याच्या फांद्यांवरून खाली लोंबतात आणि लांबून पाहता फुगीर, कागदी घंटांसारखी दिसतात. दिसणारा तो फुगा म्हणजे दलपुंज (पाकळ्या) नसून निदलपुंज आहे : फिकट हिरवा, त्यावर तांबूस जांभळ्या छटा, आणि बोटांनी दाबला तर फट्‌ आवाज करून फुटणारा. मुलांना हा खेळ आधीपासून ठाऊक होता. निदलपुंज उभा चिरून उघडला की आत लालसर दलपुंजाची नळी, तिची चार टोकदार पाळी, आठ पुंकेसर आणि तळाशी चार सुटे किंजपुट दिसतात. चार आणि चाराच्या पटी असा हा हिशेब कलांचो प्रजातीत सर्वत्र लागू पडतो. फुले खाली झुकलेली असणे मात्र ब्रायोफिलम गटाचे लक्षण आहे. बाजारातल्या कलांचोची फुले आभाळाकडे तोंड करून उमलतात, तेव्हा मघाच्या कुंड्यांचा निवाडा फुलांवरूनही होतो.

सकाळच्या वेळात शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे इवले पक्षी, येतात. ते दांड्याला धरून उलटे लोंबतात आणि चोच खालून नळीत घालतात.

जर्मन कवी गटे याला या वनस्पतीचा नाद होता, हे एका तासाला सांगितले. वायमार येथील आपल्या घरी तो तिची रोपे वाढवीत असे आणि मित्रांना तिची पाने भेट म्हणून पाठवीत असे. जर्मन भाषेत तिला गटेची वनस्पती असेही म्हणतात. पान हा वनस्पतीच्या सगळ्या अवयवांचा मूळ नमुना आहे, असे तो मानीत असल्याने पानातूनच अख्खे झाड उभे करणारी ही वनस्पती त्याला आपल्या विचाराचा पुरावा वाटली असल्यास नवल नाही. पाकिटात घालून पाठवलेले पान वाटेत मरत नाही, ही गोष्ट मुलांना कवितेपेक्षा अधिक पटली आणि दोघांनी मुंबईच्या नातलगांना टपालाने पाने पाठवली आहेत.

१३ फेब्रुवारी २०२५

पहिली फुले वाळून कागदी झाली आहेत. त्यांच्या आत चार बोंडकी तयार होत असून बी धुळीसारखे बारीक आहे. ते वाऱ्याने पसरण्याआधी बहुतेक दांडे काढून घेत आहोत, कारण गडग्यापलीकडच्या कातळावर पावसाळ्यात जी नाजूक रानफुले येतात, त्यांच्या जागेत पानफुटी शिरलेली मला नको आहे. फुलून गेलेल्या फांद्या आता वाळतील. त्यांच्या जागी वर्षभरात पानांतून उभी झालेली रोपे आहेत.

नामफलकाचा मजकूर आज मुख्याध्यापकांनी मंजूर केला. तो असा : “पानफुटी. घायमारी, पर्णबीज असेही म्हणतात. शास्त्रीय नाव कलांचो पिन्नाटा. जुने नाव ब्रायोफिलम. कूळ क्रॅसुलेसी. मूळ घर मादागास्कर. पान बहुधा तुटून पडल्यावर त्याच्या कडेच्या खाचांतून रोपे येतात. पानांचा रस सकाळी आम्लधर्मी असतो व दुपारपर्यंत ती आम्लता उतरते. फुले डिसेंबर ते मार्च. पानांत पारदर्शक चट्टे दिसल्यास आत फुलपाखराची अळी आहे. पान तोडू नये. कोणताही भाग खाऊ नये, गुरांना घालू नये.”

‘पाषाणभेद नव्हे’ असे लिहावे का, यावर थोडी चर्चा झाली. जे नाव विसरले जावे अशी इच्छा आहे ते फलकावर रंगवून ठेवण्यात अर्थ नाही, असे माझे म्हणणे पडले आणि ते मान्य झाले. पत्र्यावर रंगाने लिहिलेली अक्षरे कोकणातल्या पावसात दोन वर्षेही टिकत नाहीत, म्हणून मजकूर जांभ्याच्या तासलेल्या चिऱ्याला सिमेंटचा गिलावा करून त्यावर कोरून घ्यावयाचा आहे. गवंडी पुढील आठवड्यात येणार आहेत. तोवर शास्त्रीय नावाचे ऱ्हस्वदीर्घ दोघांकडून तपासून घ्यायचे आणि उत्तरेकडच्या झिरपणाऱ्या कोपऱ्यात चर खणून घ्यायचा, ही दोन कामे शिल्लक आहेत.